भट्टीविना वीट

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली ही चिऱ्याची खाण. पातं फिरतंय, लाल धूळ उडतेय. चिरा जमिनीत मऊ असतो. कापून हवेवर ठेवला की घट्ट होतो. मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापतात हे पाहून फ्रान्सिस बुकाननने 1807 साली त्याला ‘लॅटेराइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीटच.

पण आपण आलोय ते चिऱ्यासाठी नव्हे. चिऱ्यापर्यंत पोचायला खरवडून बाजूला टाकलेली ही तांबडी माती, तिच्यासाठी. तिची वीट होते, न भाजता.

शेजारच्या मांगरात, म्हणजे साध्या खोपटात, तिची परीक्षा चाललीय. काचेच्या बाटलीत माती, वर पाणी, आणि खळखळून हलवायचं. बघा, आधी खडे नि रेती तळाला बसली. मग पोयटा. सगळ्यात वर, रात्रभरात निवळलेली चिकणमाती. वीट बांधून धरते ती हीच. शेकडा 15 ते 20 असली की पुरे. जास्त झाली तर वीट सुकताना तडकते, मग रेती मिसळायची.

चाळलेल्या मातीत शेकडा 5 च्या आसपास सिमेंट. हो, सिमेंट लागतं. आजीच्या घराची भिंत निव्वळ मातीची होती, पण तिला दरवर्षी लिंपणारे हातही घरात होते.

पाणी किती? मूठभर माती आवळायची, खांद्याच्या उंचीवरून सोडायची. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बेताचं. भुगा झाला तर कोरडी, चपटी बसली तर ओली.

आता दाबयंत्र. 1950 च्या दशकात कोलंबियात ‘सिन्वा-राम’ नावाचं हातयंत्र निघालं, त्याच जातकुळीतलं हे. माती भरली, झाकण लावलं, दांड्यावर दोघांचा भार.

(निवेदन थांबते. दांड्याचा आवाज.)

वीट वर आली. कडा बघा! ती तळव्यांनी उचलायची, बोटं रुतू न देता. भट्टी नाही, सरपण नाही. चार आठवडे गोणपाट आणि पाणी, एवढंच.

खाण संपली की खड्डा तसाच राहतो, पावसात भरतो. अशा पाण्यात माणसं बुडाली आहेत.

आणि हे घर. चौथरा मात्र चिऱ्याचाच, जमिनीची ओल भिंतीत चढू नये म्हणून. वळचण चांगली रुंद; वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलायचाय. भिंतीला गिलावा केलेला नाही. सकाळच्या उन्हात सांधा न् सांधा दिसतोय.