आमच्याकडे असं नाही खेळत

नमस्कार, श्रोतेहो.

चल्लस आठ ज्यांनी कधी खेळला नसेल, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं आखायची. चारही कडांच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मध्यावर एक मोठी फुली. फुलीवर बसलेल्या सोंगटीला मारता येत नाही. बाहेरची सोळा घरं फिरून झाली की आतल्या आठांत शिरायचं आणि तिथून मध्यावर पोचायचं. फाशांच्या जागी चार चिंचोके. कुणी याला अष्टाचम्मा म्हणतं, कुणी इष्टो. गावागणिक नाव वेगळं, आणि गावागणिक नियमही वेगळे. आमची सगळी गंमत त्या नियमांतच अडकलेली होती.

आम्ही सातारच्या एका वाड्यात राहायचो. वैशाखातल्या दुपारी मोठी माणसं जेवून आडवी झाली की पोरांना दोनच हुकूम असायचे: उन्हात जायचं नाही आणि आवाज करायचा नाही. मग ओट्यावर खडूनं पट आखला जायचा. सोंगट्या म्हणून फुटक्या बांगड्यांचे तुकडे, शर्टाची बटणं, जे हाताला लागेल ते. चिंचोके मात्र तयार करावे लागत. पायरीच्या दगडावर एक बाजू घासत बसायचं; वरचं तपकिरी साल गेलं की आतला पांढरा भाग दिसू लागतो. घासून घासून चिंचोका चांगला तापतो. तो तसाच शेजारणीच्या दंडाला टेकवला की ती किंचाळायची, आणि आवाज करायचा नाही हा हुकूम तिथेच मोडायचा.

चारही चिंचोके पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. नाहीतर जितके पांढरे तितकं दान. आता हिशेब केला की कळतं, आठ का पडत नाही म्हणून आम्ही एवढ्या का चिडायचो ते. दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर चार चिंचोक्यांची सोळा प्रकारांनी मांडणी होते. त्यात आठ एकदाच, चार एकदाच, आणि दोन मात्र सहा वेळा. लूडोच्या फाशात सहाही आकड्यांना सारखाच मान. इथे दोनच्या दानावर रडतखडत पुढे सरकायचं आणि आठाची वाट बघत राहायचं.

माझी मैत्रीण चौथीत असताना आमच्या वाड्यात आली. कोकणातलं बिऱ्हाड, बरोबर आजी, आणि आजीबरोबर तिकडचे नियम. आमच्याकडे समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नसे. त्यांच्याकडे अशी काही अट नव्हती. फेरा पुरा झाला की चालली आत! आम्हाला हे फार फुकटचं वाटलं. माझी आजी ओट्यावर येऊन म्हणाली, "न मारता आत? मग खेळायचं तरी कशाला?" तिची आजी शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे असंच खेळतात हो." आठवडाभर दोन्ही घरांतल्या पोरी एकमेकींशी कट्टी. शेवटी तोड निघाली: ज्यांच्या ओट्यावर पट, त्यांचे नियम. हा वाड्याचा कायदा आमच्या लग्नांपर्यंत टिकला.

कॅरमचंही तेच. काळी दहा, पांढरी वीस, राणी पन्नास, म्हणजे सगळा बोर्ड तीनशेवीसचा. यावर एकमत, पण राणी घेतली आणि कव्हर गेलं नाही तर ती परत मधोमध ठेवायची की हाताला येईल तिथे, यावर रणकंदन. व्यापार खेळायला बसलो, तर तो शेवटपर्यंत गेलेला मी एकदाही पाहिला नाही. त्याबद्दल एवढंच पुरे.

भांडणं काही पोरांचीच असतात असं नाही. वेरूळला शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत, आणि तेही एकाहून जास्त लेण्यांत. एकोणतिसाव्या, म्हणजे धुमार लेण्यात पार्वती उठायला निघालीय आणि शंकरानं तिला धरून थांबवलंय. हरणारा खेळाडू 'आणखी एक डाव' म्हणतो, तेव्हा त्याचा चेहरा आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. याच घराण्यातल्या पचिसीवरून इंग्रजांनी लूडो बेतला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं पेटंट घेतलं. तो छापील नियमांसकट खोक्यात बसून आपल्याकडे परत आला. माझ्या मते तिथेच थोडी चव गेली. मोबाईलवरचा लूडो मीही खेळते, नागपूरच्या बहिणीबरोबर, रात्री बारापर्यंत. पण तिथे सोंगटी चुकीच्या घरात जाऊच शकत नाही. मग कुणावर ओरडणार?

तर वाड्यातल्या त्या मैत्रिणीच्या घरी परवा दुपारी आम्ही दोघींनी पुन्हा चल्लस आठ मांडला. तिच्या गुळगुळीत फरशीवर खडू उमटेना. मी नेलेल्या साडीच्या खोक्याचं झाकण उलटं करून त्यावर स्केचपेननं घरं आखली. चिंचोके नव्हते, हल्ली चिंच पाकिटात येते ती बिया काढूनच. तिनं दिवाळीच्या डब्यातले पिस्ते काढले. दोघींनी खाल्ले आणि टरफलांचे फासे केले. पण पिस्त्याचं टरफल लबाड असतं, दोन्ही बाजूंवर सारखं पडत नाही. आठ इतक्या वेळा पडू लागला की तिचीच सोंगटी पहिल्यांदा आत निघाली. न मारता!

"ए, हे काय गं?" मी म्हटलं.

"माझं घर, माझे नियम."

"पट माझ्या खोक्यावर आहे."

यावर ती गप्प झाली, कारण कायद्यात ओट्याचा उल्लेख होता, खोक्याचा नव्हता. आमचा आवाज ऐकून तिचा नातू आतून आला. त्यानं पटाकडे पाहिलं आणि विचारलं, "याचे रूल्स कुठे लिहिलेत?" आम्ही दोघी एकदमच सांगायला लागलो, आणि अर्थातच दोघींचं वेगवेगळं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग असं करू या, मी खेळताना फुलीवरची सोंगटीपण मारता येईल."

फुलीवरची सोंगटी! आम्ही दोघींनी मिळून त्याला तिथल्या तिथे हाणून पाडलं.

नमस्कार.