कॅसलरॉकच्या घाटात विजेचं इंजिन

लोंढ्याहून वास्कोकडं जाणारी गाडी कॅसलरॉकला थांबली की नवखी माणसं खिडकीतनं डोकं काढून विचारतात, काय झालं, क्रॉसिंग आहे काय? आमच्या खानापूरकडच्या माणसाला ठाऊक असतंय, पुढं घाट आहे, ब्रेक तपासायला लागलेत. याच घाटात विजेच्या इंजिनाची चाचणी घ्यायची तर काय बघायला पाहिजे, ते सांगायचंय.

इथनं खाली गोव्यातल्या कुळेपर्यंत साधारण 26 किलोमीटर घाट, वाटेत बोगदे, दूधसागर, आणि उतार 37 ला 1. म्हणजे 37 मीटर पुढं गेलं की गाडी 1 मीटर खाली. ऐकायला किरकोळ वाटतंय, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर, त्याला पकड ती केवढी, त्यात आमच्याकडचा पाऊस! 1888 साली इथं मीटरगेज गाडी सुरू झाली, वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, ब्रॉडगेज झालं, उतार काही सुटला नाही. मुरगाव बंदरातनं कोळसा भरून येणाऱ्या मालगाडीला आजही पुढं इंजिन आणि मागनं ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात.

म्हणून या घाटात विजेच्या इंजिनाची चाचणी म्हणजे नुसतं चढतंय का बघणं नव्हे. चढेल हो ते, वर 25 हजार व्होल्टची तार असते, ताकदीला कमी नाही. बघायचं ते उतरताना. उतारावर चाकंच मोटर फिरवायला लागतात, मोटर वीज तयार करते आणि गाडी आवरली जाते. डिझेल इंजिनातही असा ब्रेक असतोय, पण तिथं ती वीज छतावर उष्णता करून घालवावी लागते. नव्या विजेच्या इंजिनात तीच वीज तारेत परत जाते, खालनं कोळसा घेऊन वर येणाऱ्या गाडीला ती कामाला येऊ शकते. मला तर यातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते, उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला हात द्यायचा.

तरी घाटातली कॅच सायडिंग, म्हणजे बेकाबू गाडी अडवायचे बाजूचे रूळ, काढून चालणार नाही. गाडी आधी त्याच्या अलीकडं थांबायची, ताब्यात आहे हे दिसलं की मगच पुढची वाट मिळायची, नाहीतर तिला चढाच्या फाट्यावर घालून अडवायचं.

आणि माझं म्हणणं एवढंच, ही चाचणी मार्च-एप्रिलच्या कोरड्या रुळावर घेऊन भागत नाही. आषाढात या, धुकं असू दे, रूळ ओले असू देत, भरलेली गाडी अर्ध्या घाटात उभी करा आणि तिथनं परत वर काढून दाखवा.