खांदा मोकळा, श्वास चालू

श्रोतेहो, नमस्कार. आज मला व्हायोलिन शिकणाऱ्यांशी बोलायचंय, आणि घरात कुणी शिकत असेल तर घरच्यांशीही. दोनच गोष्टी लक्षात ठेवा: खांदा मोकळा आणि श्वास चालू.

बसण्याचं थोडक्यात सांगते. आपण मांडी घालून वाजवतो. उजवं पाऊल जरा पुढे, व्हायोलिनचं टोक त्या पावलावर, दुसरी बाजू छातीशी. वाद्य असं दोन्हीकडे टेकलं की डाव्या हातावर त्याचा भार राहत नाही, तो मींड घ्यायला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, सुटा होतो. बसताना खाली उशी घ्या, म्हणजे कंबर ढासळत नाही. गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, दाबू नका, हाताचं वजन पुरतं. वीस-पंचवीस मिनिटांनी उठून चार पावलं चाला. बोटांना मुंग्या आल्या किंवा वाद्य खाली ठेवल्यावरही दुखत राहिलं, तर रियाज थांबवून डॉक्टरांना दाखवा. ‘दुखल्याशिवाय हात तयार होत नाही’ असं म्हणणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

आता आपल्या नाशिकच्या पंचवटीतल्या आजींची गोष्ट. त्यांची नात माझ्याकडे शिकायला यायची. हात गोड, पण मान आणि उजवा खांदा सतत दुखायचा. बसणं सुधारलं, गजाची पकड सैल केली, तेव्हा थोडा आराम पडला. तरी द्रुत, म्हणजे जलद, लय सुरू झाली की खांदा पुन्हा कानाशी. एकदा तिला न्यायला आजी आल्या. गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, भजनी मंडळात जन्मभर गायलेल्या बाई. कोपऱ्यात डोळे मिटून बसल्या होत्या. भूप रागाची बंदिश संपली आणि त्या म्हणाल्या, “बाळा, तू श्वास कुठे घेतेस गं? मला तर एकदाही ऐकू आला नाही.”

पोरगी गप्प. आजी पुढे सरकल्या, टाळी धरली आणि म्हणाल्या, “आधी म्हण.” नातीने स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, म्हटली. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली, श्वास घेतला, पुढची ओळ. “आता जिथे श्वास घेतलास, तिथेच गज वळव.” पुन्हा वाजवलं. तालाच्या पहिल्या आवर्तनात अडखळली, दुसऱ्यात ओळी सुट्या झाल्या, तिसऱ्यात खांदा आपोआप खाली आला. मी समोर बसून बघत होते. त्या दिवसापासून माझ्याकडे प्रत्येक पलटा, म्हणजे सरावाची सुरावट, आधी गळ्यातून निघतो, मग तारेवर जातो. आवाज बरा नसला तरी चालेल, पण म्हणायचं. आजी नंतर दर गुरुवारी येऊ लागल्या आणि माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांनाही दटावू लागल्या: “श्वास, श्वास!”

आजींनी सांगितलं तेच आपल्या व्हायोलिनचं गायकी अंग, म्हणजे गायल्यासारखं वाजवणं. गायक पंडित द. वि. पलुस्कर 1921 साली नाशिकमध्येच जन्मले. व्हायोलिनवादक पंडित डी. के. दातार यांना त्यांचं मार्गदर्शन मिळालं होतं. दातारांचं ध्वनिमुद्रण लावा आणि गज कुठे वळतो तेवढंच ऐका. गवई दम घेईल तिथेच तो वळतो. व्हायोलिनवादक एन. राजम यांचं वादनही असंच ऐका. त्या गायक ओंकारनाथ ठाकुरांच्या शिष्या, आणि ठाकुर हे द. वि. पलुस्करांचे वडील विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. रियाजाला तानपुरा लावता ना? तो मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर नको. त्यात खर्ज, म्हणजे खालचा सा, ऐकूच येत नाही, आणि खर्जाविना सुराला आधार कसला? निदान बरा स्पीकर तरी जोडा.

आणि मैफलींना जा. दिवाळीत पिंपळपारावरची पाडवा पहाट आहे, एरवी कालिदास कलामंदिर आहे, परशुराम सायखेडकर नाट्यगृह आहे. आयोजकांना माझी कळकळीची विनंती, सत्कार आणि भाषणं शेवटी ठेवा. पहाटेचा राग ऊन वर आल्यावर ऐकवणं हा त्या रागावर अन्याय आहे.

व्हायोलिनची मैफल असली की लवकर पोचा आणि रंगमंचाकडे तोंड करून डाव्या बाजूची जागा धरा. तिथून वादकाचा गजाचा हात पूर्ण दिसतो. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, त्याचं मनगट बघा, द्रुतात खांदा बघा. दुसऱ्या दिवशी रियाजाला बसाल तेव्हा आधी तीच ओळ गुणगुणा, मग गज हातात घ्या. खांदा मोकळा, श्वास चालू. नमस्कार.