रिचर्ड सॅपर यांचा तित्सिओ

नमस्कार श्रोतेहो.

आज एका दिव्याबद्दल बोलायचं आहे. टेबलावर ठेवायचा, लिहिता-वाचताना लावायचा दिवा. नाव 'तित्सिओ'. इटलीतल्या आर्तेमिदे या कंपनीनं तो 1972 साली बाजारात आणला.

आवाजावर दिवा दाखवता येत नाही, म्हणून आधी त्याचं रूप सांगतो. खाली छोटी, गोल, जाड बैठक. तिच्यावर उभा आधार. त्या आधारावर तोललेला एक लांब दांडा, त्याच्या टोकाला दुसरा दांडा आणि दुसऱ्याच्या टोकाला इवलंसं डोकं. दोन्ही दांड्यांच्या मागच्या टोकांना वजनं. अंग सगळं काळं, त्यावर अगदी बारीक लाल खुणा. दांड्यांवरून जाणारी वायर कुठेच दिसत नाही. स्प्रिंगही नाही.

हा दिवा पाहणारे बहुतेकजण त्याच्या देखणेपणाबद्दल बोलतात. मला मात्र ठामपणे वाटतं की तो आखणारे डिझायनर रिचर्ड सॅपर यांनी रूप आधी ठरवलंच नाही. त्यांनी एक जड वस्तू योग्य जागी ठेवली, आणि रूप तिच्या मागोमाग आलं.

रिचर्ड सॅपर यांचा जन्म 1932 साली म्युनिकमध्ये झाला. सुरुवातीची नोकरी त्यांनी स्टुटगार्टला, मर्सिडीज-बेंझच्या डिझाइन विभागात केली. मग 1958 मध्ये ते मिलानला आले आणि तिथलेच झाले. मार्को झानुसो या इटालियन डिझायनरबरोबर त्यांनी ब्रिओनवेगा कंपनीसाठी रेडिओ आणि टीव्ही संच केले, 'ग्रिल्लो' हा घडी होणारा टेलिफोन केला. पण तित्सिओ त्यांचा एकट्याचा. त्यांना स्वतःलाच कामाचा दिवा हवा होता आणि मनासारखा मिळत नव्हता. डोकं लहान हवं, हात म्हणजे दांडे लांब हवेत, टेबलाच्या कडेला आवळून बसवावं लागू नये आणि हलवायला सहज हवा, एवढीच मागणी.

मागणी साधी, पण तिचे भाग एकमेकांच्या आड येतात. हात लांब केले की दिवा पुढे कलंडतो. न कलंडावा म्हणून बैठक जड करायची, तर ती टेबलावरची जागा खाते. आणि लांब हात हवा तिथे थांबणार कसा? या शेवटच्या प्रश्नाचं एक उत्तर जॉर्ज कार्वार्डाइन या इंग्रज अभियंत्यानं 1930 च्या दशकातच दिलं होतं: स्प्रिंगा. सॅपर यांनी ती वाट घेतली नाही.

त्यांनी हॅलोजनचा बल्ब निवडला, मोटारींच्या दिव्यांत चालणारा, 12 व्होल्टचा. आकारानं बोटाच्या पेराएवढा आणि प्रकाश भरपूर. मात्र घरातली वीज 12 व्होल्टची नसते. मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं, चांगलाच वजनदार. दुसऱ्या कुणाला ती अडचण वाटली असती. सॅपर यांनी ते वजन सरळ बैठकीत घातलं. बैठक आकार न वाढवता जड झाली, आणि बल्ब चिमुकला असल्यामुळे डोकं हलकं राहिलं.

आता वायर. कमी व्होल्टला तेवढाच उजेड हवा तर प्रवाह जास्त लागतो. 50 वॉटच्या बल्बला 12 व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा अधिक. त्यासाठी वायर जाड घ्यावी लागते, आणि जाड वायर प्रत्येक सांध्यात अडली असती. इथे दांडे स्वतःच धातूचे आहेत, मग वीज त्यांच्यातूनच नेली. व्होल्टेज इतकं कमी की हात लागला तरी धक्क्याची भीती नाही. सांधे टिचबटणासारखे दाबून बसवलेले आहेत, वीज त्यांच्यातूनच पुढे जाते, आणि दिवा पडलाच तर मोडण्याऐवजी ते सुटतात. पुन्हा दाबून बसवले की झालं.

तोलाचा भाग मला सर्वांत आवडतो. वरचा दांडा घ्या. त्याच्या एका टोकाला डोकं, दुसऱ्या टोकाला वजन, आणि सांधा नेमका दोघांच्या तोलाच्या जागी. त्यामुळे तो दांडा कसाही फिरवा, त्याचा भार कायम त्या सांध्यावरच पडतो. म्हणजे खालच्या दांड्याला वर काय चाललंय याची फिकीर नाही. त्याच्या दृष्टीनं टोकावर एक ठरलेलं वजन आहे, बस्स. ते पेलायला त्याच्या मागच्या टोकाला आणखी मोठं वजन. म्हणून डोकं एका बोटानं ढकललं तरी सरकतं, आणि बोट काढलं तिथेच थांबतं.

या दिव्याला 1979 मध्ये कोम्पासो द'ओरो हा इटलीतला डिझाइनचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही तो आहे. ऐंशीच्या दशकात तो साहेबांच्या टेबलावरची प्रतिष्ठेची वस्तू झाला. एका माणसानं स्वतःच्या कामासाठी आखलेल्या अवजाराचं असं शोभेच्या वस्तूत रूपांतर व्हावं, याचं मला वाईट वाटतं. सॅपर पुढे आयबीएम या संगणक कंपनीचे डिझाइन सल्लागार झाले, आणि 1992 चा काळा थिंकपॅड लॅपटॉप, कळफलकाच्या मधोमध लाल टिंब असलेला, तोही त्यांच्याच हातचा. 2015 च्या शेवटच्या दिवशी मिलानमध्ये त्यांचं निधन झालं.

तित्सिओत उणिवा आहेत, आणि त्या सांगायलाच हव्यात. हॅलोजनचं डोकं चांगलंच तापतं. म्हणूनच ते हलवायला एक बारीक दांडी दिलेली आहे. प्रकाश एकवटून पडतो, सगळी खोली उजळत नाही. डोकं डोळ्यांच्या उंचीवर आणलं तर बल्ब थेट डोळ्यांत खुपतो. तेव्हा ते नजरेच्या खाली, कागदाच्या जवळ आणावं. दांडे त्यासाठीच तर इतके लांब केले आहेत.

युरोपात हॅलोजनचे बल्ब टप्प्याटप्प्यानं बंद होत गेले, आणि तित्सिओची एलईडी आवृत्तीही आली. एलईडी विजेची मोठी बचत करतो, डोकंही पूर्वीसारखं तापत नाही. नवा घेणार असाल तर माझ्या मते तीच आवृत्ती घ्यावी. जुना कुणाकडे असेल, तर ट्रान्सफॉर्मर आणि सांधे जाणकाराकडून तपासून घ्या आणि खुशाल वापरा.

नमस्कार.