बातमी कथाईन उनी?

(अमळनेरच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. या खुर्चीवर माझ्याआधी जे बोलून गेले ते सगळे लिहिणारे. मी विकणारा. बसस्टँडजवळ माझी पेपरची टपरी आहे. अडतीस वर्षं मी ती चालवली. आता मुलगा बसतो, पण पहाटे गठ्ठे फोडायला आणि पुरवण्या घालायला मीच जातो. त्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. संयोजकांनी विषय दिला ‘सामान्य माणूस आणि चालू घडामोडी’. मी म्हटलं, घडामोडींचं मला विचारू नका. पण पेपर हातात घेतल्यावर माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, ते मी रोज ऐकलंय. तेवढं सांगतो.

पहिल्या पानावर दिल्ली असते, अमेरिका असते. आपला माणूस पेपर उलटा धरतो. मागच्या बाजूनं, नाहीतर थेट तालुक्याच्या पानावर. आधी कोण गेलं ते बघायचं, उत्तरकार्य कधी, गंधमुक्ती कुठे, दारावर कधी जायचं. मग केळीचा भाव, कापसाचा भाव, सोनं. हे सगळं झालं की पान पालटून तो दिल्लीला येतो. शिकलेले लोक याला हसतात. मी नाही हसत. ज्या पानावर आपल्याला काहीतरी करायचं आहे, ते पान तो आधी वाचतो. अग्रलेख वाचून कुठे जायचं असतं?

आपलं गाव काही बातमीला नवखं नाही. साने गुरुजी इथल्या छात्रालयात मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक चालवायचे. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा आपल्याकडचे लोक तिथे गेले, त्यांतल्या कितीजणांना वाचता येत होतं? परत आल्यावर प्रत्येकाकडे मात्र नेहरूंच्या भाषणावर स्वतःचं मत होतं. मत बनवायला वाचता यावं लागत नाही, हा आपला जुना अनुभव.

मग मत बनतं कशातून? मी सांगतो, हिशेबातून.

२०२५ चा ऑगस्ट आठवा. अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं. त्याच महिन्यात आपल्या सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, ३० सप्टेंबरपर्यंत. पेपरात छापून आलं की कापड गिरण्यांना दिलासा. टपरीवर आमचे एक जिभाऊ (आपल्याकडे मानानं एकमेकांना असंच म्हणतात) रोज उभे राहून वाचतात, अंक कधी विकत घेत नाहीत. पारोळ्याकडचे, सात एकर कपाशी. त्यांनी बातमी वाचली, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि बोटांवर मोजायला लागले. आपला मान्सूनपूर्व लागवडीचा कापूस सप्टेंबरात थोडाथोडा निघतो. खरा माल दसरा-दिवाळीला. त्याच्या आत बाहेरच्या गाठी बंदरात उतरल्या की सरकी काढून गाठी बांधणारा जिनिंगवाला आपल्याला विचारतो कशाला? मी म्हटलं, जिभाऊ, ३० तारखेपर्यंतच आहे हो. ते म्हणाले, “३० तारीख म्हंजे दारात काढेल चप्पल शे. घरमा तं तो येवावच शे.” चप्पल दारात काढली, आता तो घरात येणारच. दहाएक दिवसांत बातमी आली, सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. जिभाऊंनी त्या दिवशी पेपरकडे बघितलंही नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता या माणसाला अर्थशास्त्र कोणी शिकवलं? कोणी नाही. एक क्विंटल कापसातून रुई किती निघते, सरकी किती, रुईच्या खंडीचा भाव काय, तीनशे छप्पन्न किलोची खंडी, हे त्याला पाठ आहे. सरकारनं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला ८,११० ठरवला, तेव्हा सगळे म्हणाले चांगला ठरवला. जिभाऊंचा प्रश्न वेगळा होता: ओलावा बारा टक्क्यांच्या वर भरला तर? मोबाइलवर नोंदणी करायची, ती कोण करून देणार? आणि खेडा खरेदीवाला दारात गाडी आणून रोख देतो, त्याला नाही म्हणायला घरात पैसे लागतात, ते कुठून आणायचे? बातमीत हमीभाव एका ओळीचा असतो. त्याच्या घरात तो तीन प्रश्नांचा असतो.

केळीचंही तसंच. रावेर-यावलकडे भाव फळ्यावर लागतो, बुऱ्हाणपूरचा भाव वेगळा, आणि व्यापारी बांधावर येऊन बोलतो तो तिसराच. पेपरात छापलेला भाव वाचून तिकडचा माणूस एवढंच विचारतो, “पण भेटना कोनले?” कोणाला मिळाला? माझ्या मते पत्रकारितेच्या वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवायला पाहिजे.

पण मी इथे शेतकऱ्याची आरती ओवाळायला आलेलो नाही. हाच हिशेबी माणूस चुकतो, आणि सपाटून चुकतो. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी टपरीवर सगळ्यांचं एकच मत: यंदा बारा हजार. कुठे छापून आलं होतं? कुठेच नाही. याचं ऐकून त्यानं, त्याचं ऐकून यानं. लोकांनी कापूस विकलाच नाही, घरात भरला. पुढच्या खोलीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, पाहुणा आला तर ओट्यावर बसवायचा. उन्हाळा लागला तशी पोरांच्या अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं, उंदरं झाली. मी स्वतः एका घरात गेलो होतो, तिथल्या माऊलीनं कापसाच्या ढिगावर लुगडं अंथरून नातवाला निजवलं होतं. ते पोर झोपेतसुद्धा मांडी खाजवत होतं. शेवटी भाव उतरला, सात-आठ हजारांवर आला, आणि वजनही घटलं. तेव्हा हिशेब येत नव्हता का? येत होता. पण आशेचा हिशेब कोणी तपासून घेत नाही.

बायकांचं मत टपरीवर ऐकू येत नाही, कारण त्या तिथे थांबत नाहीत. पण मी वर्षानुवर्षं सायकलवर अंक टाकलेत, दारातलं ऐकलंय. २०२४ च्या जुलैपासून लाडक्या बहिणीचे पंधराशे सुरू झाले. सप्टेंबरात केंद्रानं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं आणि सणाच्या तोंडावर तेल भडकलं. पेपरात या दोन बातम्या वेगळ्या पानांवर होत्या. माझ्या ओळीतल्या एका ताईंनी त्या उंबऱ्यावर उभ्या उभ्या जोडल्या: “भाऊ, पंधराशे खात्यात पडले, ते डब्यातून निघाले.” तेलाच्या डब्यातून. तेलबियावाल्या शेतकऱ्यासाठी शुल्क वाढवलं असं सरकार म्हणालं, तेही खोटं नव्हतं. त्या ताईंच्या भावाचं सोयाबीन होतं, म्हणून त्या पुढे म्हणाल्या, “भाऊले भाव भेटना तं मी महाग तेल खासू.” भावाला भाव मिळाला तर मी महाग तेल खाईन. दिवाळीनंतर विचारलं, भेटला का? त्यांनी दार लावून घेतलं.

आपल्या अमळनेरात शेअर बाजाराची बातमीही चहाबरोबर घेतात, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. १९४५ साली इथे वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तिचं पुढे विप्रो झालं, आणि ज्यांच्या आज्यानं तेव्हाचा कागद पेटीत जपून ठेवला त्यांचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सभागृहात दोन-चार जण खाली बघून हसताहेत. असो.

आता ज्यासाठी मी खरं तर उभा राहिलो ते बोलतो. बोलायला जड जातं.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यात राईनपाडा, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून खाणारी माणसं. आधी काही दिवस मोबाइलवर फिरत होतं की पोरं पळवणारी टोळी आली आहे. त्यातले एकजण म्हणे एका पोरीशी बोलले. तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना मारून टाकलं. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. आकडा पाचच का, माहीत नाही. मला मात्र तो आकडा बघितला की राईनपाडा आठवतो.

आणि २२ जानेवारी २०२५. पाचोरा तालुक्यात परधाडे स्टेशनजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये कोणीतरी ओरडलं, आग लागली. साखळी ओढली, लोक खाली उतरून शेजारच्या रुळावर आले, आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. डझनभर माणसं गेली. आग नव्हती. दुसऱ्या दिवशी माझा पेपर सात वाजताच संपला. त्या दिवशी टपरीवर कोणी मत दिलं नाही.

मी या दोन गोष्टींचा खूप विचार केला. काट्यावर कापूस घातला की आपला माणूस व्यापाऱ्याच्या खांद्यावरून डोकावतो, वजन दोनदा बघतो, काटा झटकून बघतो. कोणी म्हणालं आज भाव वाढला, तर लगेच विचारतो, “बातमी कथाईन उनी?” कुठून आली? कोणी सांगितलं, जळगावला की धरणगावला, कोणत्या जिनिंगला? पैशाची बातमी तो अशी पिळून घेतो. आणि भीतीची बातमी आली की तोच माणूस एक शब्द न विचारता पुढे ढकलतो. का? मला वाटतं, भावाची बातमी खोटी निघाली तर नुकसान आपलं. भीतीची खोटी निघाली तर म्हणता येतं, सावध केलं, बिघडलं काय? बिघडलं ते दुसऱ्याचं. गाडीतला माणूस मी यातून सोडतो. आग म्हटल्यावर डब्यात बसून चौकशी करा असं मी कोणाला सांगणार नाही. पण घरात पलंगावर पडून मोबाइल चाळणाऱ्याच्या मागे कुठली आग लागलेली असते?

आता मलाही सोडू नका. दहा रुपयांच्या नाण्याचं तुम्हाला आठवत असेल. ‘पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं’, ‘रुपयाचं चिन्ह नसेल तर चालत नाही’, असं काय काय. माझ्या टपरीच्या फळीवर मी स्वतः खडूनं लिहिलं होतं: १० चं नाणं चालणार नाही. कोणी सांगितलं मला? शेजारच्या पानवाल्यानं. त्याला कोणी? कंडक्टरनं. मी कंडक्टरला विचारायला गेलो नाही. २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेनं खुलासा केला की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने आहेत आणि चौदाही चालतात. ती बातमी आली, मी गठ्ठा फोडला, अंक दोरीला चिमट्यानं लावले, आणि फळीवरचं तसंच ठेवलं. दीड-दोनशे अंक विकले असतील.

नऊच्या सुमारास जिभाऊ आले. पेपर उभ्यानं वाचला, नेहमीसारखा मागून पुढे. मग खिशातून दहाचं नाणं काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. जन्मात पहिल्यांदा अंक विकत घेत होते. मी फळीकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं, मग पेपरातल्या त्या चौकटीवर आपलं बोट ठेवलं, आणि म्हणाले, “जिभाऊ, हाऊ पेपर तूच इकस ना?” हा पेपर तूच विकतोस ना?

मी नाणं गल्ल्यात टाकलं आणि सुट्टे शोधायला लागलो.