हर्पीस व्हायरस पेशीत घुसतो कसा?

ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला पाणी भरलेले बारीक फोड येतात ना, त्यामागे बहुतेक वेळा हर्पीस सिम्प्लेक्स असतो. साइझ साधारण 200 नॅनोमीटर, बाहेरून चरबीचं पातळ आवरण आणि त्यावर दहा-बारा प्रकारची ग्लायकोप्रोटीन्स, म्हणजे साखरेच्या साखळ्या लागलेली प्रोटीन्स. आत घुसायला मात्र त्यातली चारच हवीत, जीडी, जीएच, जीएल आणि जीबी.

आधी जीसी (हेही त्यांच्यातलंच एक, पण त्याच्यावाचून अडत नाही) आणि जीबी पेशीवरच्या हेपरन सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्यांना चिकटतात, धावत्या एसटीचा दांडा पकडल्यासारखं, म्हणजे व्हायरस नुसता लटकलाय, आत गेलेला नाही. मग जीडी पेशीवरच्या नेक्टिन-1 या प्रोटीनला धरतो. हे नेक्टिन खरं तर शेजारच्या दोन पेशी एकमेकींना जोडून ठेवायला असतं, व्हायरस त्याचाच फायदा घेतो! धरल्या धरल्या जीडीचा आकार बदलतो, निरोप जातो जीएच-जीएलच्या जोडीला आणि तिथून जीबीला.

आणि खरा दरोडेखोर हा जीबी. तीन जीबी एकत्र बांधलेले, टोकं पेशीच्या पडद्यात खुपसतात, मग दुमडून व्हायरसचं आवरण आणि पेशीचा पडदा इतके जवळ खेचतात की ते एकजीव होतात. पण हे एकदाच जमतं, आधीच उलगडला तर तो जीबी वाया, म्हणून तर एवढी निरोपांची साखळी लागते. 2006 मध्ये त्याची रचना समोर आली तेव्हा ती गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणाऱ्या एका आरएनए व्हायरसच्या प्रोटीनशी जुळली, आणि हर्पीस तर डीएनएवाला, म्हणजे नातं दूरदूरपर्यंत दिसत नाही.

याच घराण्यातला एपस्टाइन-बार व्हायरस तर अजून बेरकी आहे. बी-पेशीत, म्हणजे अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशीत, शिरायला त्याला जीपी42 हे ग्लायकोप्रोटीन लागतं, ते पेशीवरच्या एचएलए क्लास टू या प्रोटीनला धरतं. पण बी-पेशीत नवे व्हायरस तयार होताना हेच जीपी42 तिथल्या एचएलएला अडकून नष्ट होतं, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या व्हायरसवर ते कमी असतं आणि तो घशाच्या अस्तराच्या पेशींकडे वळतो. त्या पेशींत एचएलए क्लास टू सहसा नसतं, तिथून निघालेल्यांवर जीपी42 भरपूर, म्हणून ते परत बी-पेशींच्या मागे.