काय हवंय एवढंच सांगा

(दृश्य: वाचनालयाचं देवघेवीचं टेबल. उघडी वही, पानावरून सरकणारं बोट.)

ही एका वाचनालयाची देवघेव वही. तारीख, सभासदाचं नाव, पत्ता, पुस्तक, लेखक, सही. एखाद्यानं वर्षभरात 40 पुस्तकं नेली, तर त्याचा पत्ता इथं 40 वेळा लिहिलेला सापडेल. मग तो माणूस घर बदलतो. आता यातला खरा पत्ता कोणता?

यावरचा उपाय ग्रंथपालांच्या हाताशी होताच. सभासदांची यादी वेगळी, पुस्तकांची दाखल नोंदवही वेगळी, आणि देवघेवीत फक्त सभासद क्रमांक, दाखल क्रमांक आणि तारखा. पत्ता एकाच जागी राहतो, दुरुस्तीही एकदाच होते. संगणकाच्या भाषेत सभासद क्रमांक म्हणजे सभासदांच्या तक्त्याची प्रायमरी की, प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख. तोच क्रमांक देवघेवीच्या तक्त्यात येतो तेव्हा त्याला फॉरेन की म्हणतात. यादीत नसलेल्या क्रमांकावर पुस्तक द्यायला गेलात, तर डेटाबेस, म्हणजे हे तक्ते सांभाळणारी संगणकातली व्यवस्था, ती नोंद घेतच नाही.

(दृश्य: मोठाले संगणक, फिरणाऱ्या चुंबकीय फिती.)

साठच्या दशकात माहिती संगणकात होती, पण तिथवर पोचायची वाट प्रोग्रामरला पाठ असावी लागे. या नोंदीतून त्या नोंदीत, तिथून पुढच्या. साठवणीची रचना बदलली की वाट मोडायची आणि प्रोग्राम नव्यानं लिहावे लागायचे.

एडगर कॉड हे इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, आणि पुढे आयबीएम या संगणक कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे प्रयोगशाळेतले संशोधक. जून 1970मध्ये, माहिती अशा तक्त्यांत मांडायची ‘रिलेशनल’ पद्धत सुचवणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच वाक्यात त्यांनी आग्रह धरला: माहिती यंत्रात कशी रचली आहे, हे जाणून घेण्याची गरज वापरणाऱ्याला पडू नये. मला हे वाक्य फार मोठं वाटतं. त्यात विचारणाऱ्या माणसाची काळजी आहे.

‘रिलेशनल’ हा शब्द तक्त्यांच्या आपसांतल्या नात्यावरून आला, असं अनेकांना वाटतं. कॉडनी तो गणितातून घेतला होता. तिथं ‘रिलेशन’ म्हणजे एका साच्यातल्या नोंदींचा संच, म्हणजे आपला एक अख्खा तक्ता.

प्रश्न विचारायची भाषा त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974मध्ये मांडली. तीच आजची एसक्यूएल. ‘मे महिन्यात नेलेलं पुस्तक अजून परत न केलेल्या सभासदांचे फोन नंबर द्या’, एवढंच तिच्यात सांगायचं. आधी कुठला तक्ता उघडायचा, दोन तक्ते कसे जोडायचे, हे डेटाबेस ठरवतो.

(दृश्य: पडद्यावर वेगानं सरकणारी संकेतस्थळं.)

इंटरनेटवर मात्र रकाने नाहीत. कुणाची कविता, कुणाचा बाजारभाव, कुणाची तक्रार, सगळं नुसता मजकूर. म्हणून शोधयंत्र आधीच पानं वाचून ठेवतं आणि पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची करतं: हा शब्द, या या पानांवर. तुम्ही शोधता तेव्हा ते मुख्यतः ही सूची चाळतं.

पण सापडलेल्या लाखो पानांतलं वर कोणतं ठेवायचं? केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972मध्ये दाखवलं, की जो शब्द थोड्याच लेखांत येतो तो शोधताना जास्त मोलाचा. ‘आणि’ सगळीकडे असतो, ‘नांगरट’ मोजक्या ठिकाणी. 1998मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी पानाकडे येणाऱ्या दुव्यांवरून त्याचं वजन ठरवण्याची पद्धत मांडली. डेटाबेस तुम्ही जे मागाल नेमकं तेच देतो. शोधयंत्र तुम्हाला काय हवं असेल याचा अंदाज बांधतं.

मराठीत हा अंदाज अवघड होतो. ‘पाणी’ शोधावं, तर मजकुरात पाण्यात, पाण्याला, पाण्यावाचून. मूळ शब्द सामान्यरूपात बदलतो आणि प्रत्यय त्याला चिकटतो. हे यंत्राला शिकवावं लागतं.

त्याहून छुपी अडचण पाहा.

(दृश्य: पडद्यावर एकाखाली एक, दोनदा: शेतकऱ्यांचे.)

हे दोन शब्द डोळ्याला एकच. पण पहिल्यात खाली बिंदू असलेला स्वतंत्र ‘ऱ’ टंकला आहे, आणि दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही असंच, तोही दोन रीतींनी टंकता येतो. ग्रंथपालांनी पुस्तकाचं नाव एका रीतीनं नोंदवलं आणि वाचकानं दुसरीनं शोधलं, तर पुस्तक कपाटात असतं, नोंद तक्त्यात असते, आणि पडद्यावर येतं: नोंद सापडली नाही.

दुरुस्ती छोटी आहे. नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा अक्षरं आधी एकाच रूपात आणायची. ती मराठी वाचणाऱ्या कुणीतरी आठवणीनं करून ठेवावी लागते.

(दृश्य: ग्रंथपाल तोच शब्द पुन्हा टंकतात. पडद्यावर एक ओळ उमटते, दाखल क्रमांकासह. त्या उठून कपाटाकडे जातात.)